घरपट्टी जास्त वाटतेय? आधी टेप काढा: सोलापुरात आकारणीवर हरकत घेण्याची सगळी वाट

आमच्या घराचा तळमजला म्हणजे एकेकाळी चार यंत्रमागांचा कारखाना. अशोक चौकातून आत वळलं की पूर्व भागातली बरीच घरं अशीच होती: खाली माग, वर माणसं. वडील गेल्यावर माग भंगारात गेले, खालच्या खोलीत पलंग आला, टीव्ही आला आणि धाकट्या भावाचं बिऱ्हाड आलं. त्यानंतर सात वर्षं आम्ही त्या खोलीचा कर कारखान्याच्या दराने भरत राहिलो. दोष कुणाला देणार? माग गेले, हे आम्ही लेखी कुणालाच कळवलं नव्हतं. शेजारच्या अण्णांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "मी पण टॅक्स भरलो की ओ. पण कशाचा भरलो ते कुठं बघितलो?"

बिलाची खालची रक्कम आपण सगळेच बघतो. वरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. आणि हरकत घ्यायची असते ती नेमकी त्या बारीक अक्षरांवर. "कर फार वाढवलाय, कमी करावा" एवढंच लिहिलेला अर्ज कितीही कळवळून लिहिला तरी त्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. "नोंदीत ७८० चौरस फूट आहे, प्रत्यक्षात स्लॅबचं ६२० आहे, हे घ्या माप" असा अर्ज आला की त्याला उत्तर द्यावंच लागतं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारच्या अर्जाबद्दल आहे.

रक्कम येते कुठून

सोलापूर महानगरपालिका १ मे १९६४ ची. तिला लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. जुने वकील अजून त्याला बीपीएमसी ॲक्ट म्हणतात, कारण आधी त्याचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होतं. या कायद्याच्या शेवटी अनुसूची 'ड' आहे आणि तिच्या आठव्या प्रकरणात कराधान नियम आहेत. आपलं काम मुख्यतः याच नियमांशी.

नियम ७ सांगतो की तुमचं घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिलं तर वाजवीपणे किती भाडं येईल, ते आधी धरायचं. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य. घरात तुम्ही स्वतः राहत असलात तरी हिशेब याच मानलेल्या भाड्यावर होतो. व्यवहारात हे भाडं ठरवताना चार गोष्टी बघतात: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, भाग आणि वापर. मग त्या करयोग्य मूल्यावर सामान्य कर, पाणी, मलनिःसारण वगैरेंचे टक्के बसतात. शिवाय राज्य सरकारचा शिक्षण उपकर याच बिलातून वसूल होतो. वापर बिगरनिवासी असेल तर शिक्षण उपकराचा दर चढा असतो आणि वर रोजगार हमी उपकरही लागतो. म्हणून वापराच्या रकान्यात 'निवासी'च्या जागी 'बिगरनिवासी' पडलं की बिल एका ठिकाणी न वाढता तीन-चार ठिकाणी वाढतं.

टक्के किती असावेत, हे ठरवणं सभागृहाचं काम, आणि उपकर राज्याचा. तुमच्या हरकतीने त्यातलं काहीच हलणार नाही. हलू शकतं ते करयोग्य मूल्य. सगळी ताकद तिथे लावायची.

हातात काय आलंय ते ओळखा

दोन कागद दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असतात. एक म्हणजे नेहमीचं बिल. कायद्याप्रमाणे मिळकत कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला आगाऊ देय. दुसरा म्हणजे विशेष नोटीस. घराची पहिल्यांदाच आकारणी झाली किंवा करयोग्य मूल्य वाढवलं, तर नियम १५ प्रमाणे मालकाला स्वतंत्र लेखी नोटीस द्यावी लागते. हरकत किती दिवसांत द्यायची तेही तीत लिहिलेलं असतं.

ती मुदत मोठी नसते, दोन-तीन आठवड्यांचा मामला. त्यामुळे नोटीस हातात पडली की पहिलं काम एकच: ती कोणत्या तारखेला मिळाली ते पाठीमागे पेनाने लिहा. टपालाने आली असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का पुढे कामाला येतो. जुळे सोलापूरला राहायला गेलेल्या किती तरी जणांच्या नोटिसा अजून साखर पेठेतल्या जुन्या वाड्यावरच जातात आणि चुलत्यांच्या देव्हाऱ्यामागे पडून राहतात. पत्ता बदलला असेल तर आजच अर्ज द्या.

साधं बिल आलंय, मूल्य गेल्या वर्षीएवढंच आहे आणि तुम्हाला आत्ता चूक सापडली, असंही होतं. तेव्हाही वाट आहे. ती पुढे सांगतो.

आकारणी उतारा आणि मोजणीचा कागद

बिलावरून लढता येत नाही. आकारणी उतारा लागतो. मिळकत क्रमांक घेऊन आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात किंवा इंद्रभुवनाच्या आवारातल्या मुख्य कार्यालयाच्या कर विभागात अर्ज करायचा. सोलापुरात गावठाण आणि हद्दवाढ भाग असा कारभाराचा जुना भेद आहे. १९९२ साली हद्द वाढली तेव्हा बाळे, शेळगी, मजरेवाडी अशी गावं शहरात आली. तुमचा मिळकत क्रमांक कोणत्या बाजूला मोडतो ते आधी विचारून घ्या, नाहीतर सकाळ या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यातच संपते.

उतारा हातात आला की हे रकाने बघा: मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, मजलावार क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर आणि करयोग्य मूल्य. भोगवटादाराच्या रकान्यात दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव असेल तर थबका. भाडेकरू असला की मूल्य प्रत्यक्ष भाड्यावरून धरलेलं असू शकतं.

उताऱ्यात फक्त निकाल असतो. तो कसा काढला, हे मोजणीच्या कागदात असतं: कोणत्या खोलीची लांबी-रुंदी किती धरली, जिना धरला का, पडवी कशात धरली. तो सहज मिळाला तर ठीक. नाहीतर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, साध्या प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण इथे एक सापळा आहे. माहितीची वाट बघत बसलात तर हरकतीची मुदत निघून जाते. हरकत आधी दाखल करा आणि तिच्यातच लिहा की मोजणी पत्रकाची प्रत मिळाल्यावर पूरक म्हणणं मांडेन.

टेप घेऊन घर मोजा

हे काम रविवारी सकाळी लवकर उरका. मे महिन्यात अकरानंतर गच्चीवर टेप धरून उभं राहणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. दोन माणसं, तीस मीटरचा टेप, चौकटीची वही.

प्रत्येक मजल्याचा वेगळा आराखडा काढा. बाहेरून मोजलेलं आणि आतून मोजलेलं, दोन्ही लिहून ठेवा, कारण जुन्या दगड-मातीच्या घरात भिंतीच दीड-दोन फुटांच्या असतात आणि दोन मापांत एका खोलीएवढा फरक पडतो. नोंदीत कोणतं माप धरलंय, हे मोजणीच्या कागदावरून कळेल. आपलं मापही त्याच पद्धतीने मांडा. एकीकडे बाहेरचं आणि दुसरीकडे आतलं, अशी तुलना केली तर सुनावणीत पहिल्याच मिनिटाला हरकत कोसळते.

जिना, बाल्कनी, पडवी, न्हाणीघर, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि मोकळं अंगण, प्रत्येकाचं माप स्वतंत्र लिहा. वरून काढलेल्या नकाशावरून, म्हणजे जीआयएस सर्वेक्षणावरून, क्षेत्रफळ आलं असेल तर तिथे छप्पर मोजलं जातं. छपराखाली स्लॅबची खोली आहे की चार खांबांवरचा पत्रा, हे आकाशातून दिसत नाही. छज्जा भिंतीच्या बाहेर दोन फूट आलेला असेल तर तोही आत धरला जाऊ शकतो.

एक उदाहरण करू. दर मनाचे आहेत, फक्त रीत कळावी म्हणून. घर बाहेरून २० बाय ३१ फूट, म्हणजे ६२० चौरस फूट. पुढे २० बाय ८ ची पत्र्याची पडवी, १६० चौरस फूट. नोंदीत सगळंच आरसीसी धरून ७८० लिहिलंय. चौरस मीटर काढायला १०.७६४ ने भागायचं: ७८० चे ७२.४६ होतात. आरसीसीला महिन्याला चौरस मीटरमागे २० रुपये भाडं धरलं तर वर्षाचं १७,३९० रुपये, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १५,६५१. आता बरोबर हिशेब. आरसीसीचे ५७.६० चौरस मीटर, २० रुपयांनी वर्षाला १३,८२४. पत्र्याचे १४.८६ चौरस मीटर, समजा ८ रुपयांनी, वर्षाला १,४२७. बेरीज १५,२५१, दहा टक्के वजा जाता १३,७२६. फरक १,९२५ रुपयांचा. सगळे कर मिळून चाळीस टक्के धरले तर वर्षाला ७७० रुपये.

सातशे सत्तर रुपयांसाठी एवढी यातायात? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं काढावं. महापालिकेला दरवर्षी नवी आकारणी करायची सक्ती नाही. आधीच्याच नोंदी पुढे चालवता येतात, सविस्तर नवी आकारणी चार वर्षांतून एकदा तरी व्हावी असा नियम २१ आहे. त्यामुळे चुकीचा आकडा एकदा बसला की पाहुणा म्हणून आलेल्या मामासारखा मुक्कामच ठोकतो. माझा हिशेब असा: फरक वर्षाला दोन-तीनशेचाच असेल तर साधा दुरुस्तीचा अर्ज द्या आणि सोडून द्या. हजारांत असेल तर ही पूर्ण वाट धरा.

वापर: आपल्या गावाचं खरं दुखणं इथे आहे

सोलापुरात राहतं घर आणि धंदा यांच्यामध्ये भिंत अशी कधी नव्हतीच. चादर-टॉवेलचे माग घरात, विड्या ओट्यावर, शिलाई मशीन माजघरात, किराणा पुढच्या खोलीत. म्हणून वापराच्या रकान्यातली चूक इथे जास्त सापडते, आणि बहुतेक वेळा ती जुनी खरी नोंद असते. पूर्वी बरोबर होती, आता राहिलेली नाही.

माग बंद झाले असतील तर पुरावे असे जमवा. यंत्रमागाचा वेगळा वीजजोड होता, तो कायमचा बंद केल्याचा महावितरणचा कागद. सध्याचं घरगुती वर्गवारीचं वीजबिल. माग विकल्याची पावती किंवा भंगारवाल्याची चिठ्ठी. उद्योगाची नोंदणी होती तर ती रद्द केल्याचा कागद. त्या खोलीचे आजचे फोटो, तारखेसह. आमच्याकडे भंगाराची पावती नव्हती. विकताना ती घ्यायचं कुणाला सुचलं नाही. वीजजोड तोडल्याचा कागद मात्र वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण त्यावर तारीख होती. नुसती तक्रार सांगणारे शंभर असतात, तारीख दाखवणारा एखादा.

माग अजून चालू असतील तर तो भाग निवासी म्हणवून घ्यायला जाऊ नका. मात्र दोन गोष्टी तपासा. माग फक्त तळमजल्यावर असताना अख्खी इमारत बिगरनिवासी धरली आहे का? आणि मूल्य काढताना यंत्रांची किंमत कुठे शिरली आहे का? इमारतीतल्या यंत्रसामग्रीची किंमत करयोग्य मूल्यात धरायची नाही, हे त्याच नियम ७ मध्ये आहे.

भाडेकरूचंही तसंच. तो गेला असेल तर संपलेला करारनामा आणि आता तिथे कोण राहतं याचा पुरावा जोडा. घर रिकामं असेल तर कराच्या काही भागाच्या परताव्याची सोय नियमांत आहे, पण ती लेखी कळवल्याशिवाय मिळत नाही. कुलूप लावून पुण्याला मुलाकडे गेलेल्यांनी जाताना एक अर्ज देऊन जावं.

घराचं वय आणि बांधकामाचा प्रकार हे मुद्दे त्या मानाने सरळ. माळवदाचं घर आरसीसी म्हणून नोंदलं असेल तर फोटो पुरेसा बोलतो. शेजारच्या सारख्याच घराची आकारणी कमी असेल तर त्याचा उतारा जोडता येतो, पण शेजाऱ्याला विचारून. नाहीतर आपली हरकत राहते बाजूला आणि त्याचीच फेरमोजणी होते. गल्लीत वैर कोण घेणार?

थांबा: मोजणी उलटूही शकते

हरकत घेतली की माणूस टेप घेऊन घरी येणार. परवानगी न घेता वरचा मजला चढवला असेल, मागच्या गल्लीकडे खोली काढली असेल, तर ती त्याला दिसणारच. क्षेत्र वाढेल. शिवाय कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामावर मिळकत कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. निवासी बांधकामाला आकारानुसार सवलती आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका. आधी स्वतःचं घर स्वतःच्या टेपने मोजा, बांधकाम परवान्याच्या नकाशाशी ताडून बघा, आणि बेरीज आपल्याच अंगावर येत असेल तर आधी एखाद्या वास्तुविशारदाला विचारा. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे प्लॉट बरेच आहेत, तिथे हे जास्तच लागू. आणि एक गैरसमज मोडून टाकतो: कराची पावती म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे, मालकीचा तर मुळीच नव्हे.

अर्ज

कायदा म्हणतो की हरकतीची कारणं थोडक्यात पण पूर्ण मांडावीत. एक पान पुरतं. अर्ज आयुक्तांच्या नावे असतो. असा लिहा:

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.
(मार्फत: कर आकारणी व संकलन विभाग)

विषय: मिळकत क्रमांक ........ च्या करयोग्य मूल्याबाबत हरकत.
संदर्भ: आपली विशेष नोटीस क्र. ........, दि. ........, मला मिळाल्याचा दि. ........

महोदय,
वरील मिळकतीचा मी मालक आहे. नोटिशीत करयोग्य मूल्य रु. ........ धरले आहे. त्यास माझी हरकत पुढील कारणांनी आहे.
१) नोंदीत आरसीसी क्षेत्र ७८० चौ. फूट आहे. प्रत्यक्षात आरसीसी ६२० चौ. फूट असून १६० चौ. फुटांची पडवी पत्र्याची आहे. मापाचा आराखडा व फोटो जोडले आहेत.
२) तळमजल्याचा वापर बिगरनिवासी नोंदला आहे. यंत्रमाग दि. ........ पासून बंद असून तेथे कुटुंब राहते. वीजजोड बंद केल्याचा कागद व घरगुती वीजबिल जोडले आहे.
माझ्या हिशेबाने करयोग्य मूल्य रु. ........ येते. हिशेब सोबत आहे. प्रत्यक्ष जागेची पाहणी माझ्या समक्ष करावी, मला सुनावणीची संधी द्यावी व नोंद दुरुस्त करावी.
मोजणी पत्रकाची प्रत मिळाल्यावर पूरक म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे.

आपला हिशेब जोडायला विसरू नका. "माझ्या मते इतकं असावं" हा आकडा बहुतेकांच्या अर्जात नसतो, आणि मग समोरच्याला कमी करायचं झालं तरी कितीवर आणायचं हेच कळत नाही.

दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" असं कुठेही ऐकलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. शेवटचा दिवस असेल आणि पोच मिळत नसेल तर त्याच दिवशी पोचदेय रजिस्टर टपालाने पाठवा. मालक वारले असतील आणि नाव अजून बदललं नसेल तर हरकतीसोबत वारस नोंदीचा अर्जही द्या, म्हणजे "तुम्ही कोण?" या प्रश्नात तारीख जात नाही.

दरम्यान कर भरायचा की नाही

भरा. मनाला पटत नाही, पण भरा. हरकत दिल्याने वसुली आपोआप थांबत नाही आणि मुदतीत न भरलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते. म्हणजे वर्षाला चोवीस. कोणती पतसंस्था एवढं व्याज देते? मार्चमध्ये वसुलीची मोहीम निघते तेव्हा नळ तोडणं आणि जप्ती यांची भाषा सुरू होते. त्या गर्दीत तुमच्या हरकतीचा कागद कुणी शोधत बसत नाही.

भरताना एक छोटं पत्र द्या: "हरकत क्र. ........ च्या अधीन राहून ही रक्कम भरत आहे, निर्णयानंतर जादा रक्कम पुढील बिलात वळती करावी." अभय योजना येईल म्हणून थांबणारेही पुष्कळ आहेत. ती आली तरी माफी शास्तीची मिळते. चुकीचं करयोग्य मूल्य जिथल्या तिथे राहतं आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा त्याच आकड्याचं बिल येतं.

सुनावणी

तारीख कळवणारी सूचना येते. त्या दिवशी गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीतही निर्णय देता येतो. तशी मुभा नियमातच आहे. स्वतःला जमत नसेल तर मुलाला किंवा भावाला लेखी अधिकारपत्र देऊन पाठवा. या टप्प्यावर वकील लागतोच असं नाही.

सोबत मूळ कागद, त्यांच्या प्रतींचा संच आणि तुमचा एका पानाचा हिशेब. बोलायला पाच मिनिटं मिळाली तर खूप मिळाली. त्यातली चार महागाईवर आणि गल्लीतल्या गटारावर घालवू नका. रस्ता नाही, पाणी पाच दिवसांआड येतं, हे सगळं खरं असलं तरी त्याने क्षेत्रफळ कमी होत नाही. ओळीने बोला: नोंद काय आहे, खरं काय आहे, पुरावा कोणता, आकडा किती यायला हवा.

आमच्याकडे पाहणीला आलेल्या माणसाने पलंग बघितला, टीव्ही बघितला आणि मग खाली वाकून फरशी बघितली. मागाचे पाय जिथे रोवले होते ते खड्डे आम्ही सिमेंटने बुजवले होते, ठिगळं स्पष्ट दिसत होती. "कधी बुजवलात?" त्याने विचारलं. भावाच्या थोरल्या पोरीचा जन्म त्याच वर्षीचा, म्हणून वहिनींनी साल लगेच सांगितलं, आणि वीजजोडाच्या कागदावरच्या तारखेशी ते जुळलं. पाहणीला माणूस येईल तेव्हा घरातलं जाणतं कुणीतरी हजर हवं, हे तेव्हा कळलं.

पाहणीत काय मापं निघाली ती तुमच्या वहीतही उतरवून घ्या. निर्णय लेखी मागा. तोंडी "कमी करून टाकतो" याला कागदावर किंमत नाही, आणि पुढच्या अपिलाची मुदत निर्णयाच्या तारखेपासूनच मोजायची असते.

निर्णय पटला नाही तर

कलम ४०६ प्रमाणे अपील न्यायाधीशाकडे करता येतं. सोलापुरात ते दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. अटी कडक आहेत. हरकतीचा निकाल लागल्यापासून पंधरा दिवसांत अपील दाखल व्हायला हवं. करयोग्य मूल्याविरुद्धचं अपील असेल तर आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, म्हणजे वरच्या पायऱ्या गाळून थेट न्यायालयात जाता येत नाही. आणि वादातली कराची रक्कम महापालिकेकडे आधी जमा केलेली हवी. ही शेवटची अट लोकांना जुलमी वाटते. १९७५ साली अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या खटल्यात तिला आव्हान दिलं गेलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तेव्हा त्यावर डोकं आपटू नका.

इथे वकील लागेल, आणि त्याची फी पाहता साध्या राहत्या घरासाठी हे पाऊल क्वचितच परवडतं. कारखाना, मंगल कार्यालय, मोठी इमारत असेल तर गोष्ट वेगळी. प्रकरण न्यायालयात असेल तर लोकअदालतीत तडजोडीचा पर्याय जरूर विचारा.

मुदत हुकली असेल

आमची हुकलीच होती. सात वर्षांपूर्वीची. अशा वेळी नियम २० कामी येतो. आकारणी पुस्तक ज्या वर्षाचं आहे त्या वर्षात केव्हाही, संबंधित माणसाने निवेदन दिलं किंवा दुसरी माहिती मिळाली तर आयुक्त त्यात दुरुस्ती करू शकतात, मूल्य कमीसुद्धा करू शकतात. वरचाच अर्ज 'हरकत' न म्हणता 'आकारणी पुस्तकातील नोंद दुरुस्त करण्याबाबत निवेदन' म्हणून द्या, पुरावे तेच. एप्रिल-मेमध्ये द्या, जानेवारीत गड्डा यात्रा आटोपल्यावर नको, कारण तेव्हा कर विभागाचं सगळं लक्ष मार्चच्या वसुलीकडे लागलेलं असतं. मागच्या वर्षांचे पैसे परत मिळतील ही आशा धरू नका. आम्हाला सात वर्षांतला एक रुपयाही मिळाला नाही, आणि कळवलंच नव्हतं म्हटल्यावर मागायला तोंडही नव्हतं. नव्या वर्षापासून नोंद मात्र सुधारली.

हद्दीबाहेरच्यांसाठी दोन ओळी

कुंभारीची विडी कामगारांची घरकुलं किंवा रे नगर इथे राहणाऱ्यांनी हा लेख वाचून इंद्रभुवनात चक्कर मारू नये. ती घरं ग्रामपंचायत हद्दीत येतात, कर ग्रामपंचायतीचा आणि उतारा नमुना ८ चा. बार्शी-पंढरपूरसारख्या नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा कायदा लागू आहे. मोजमापाची आणि पुराव्याची रीत हीच, अर्ज कुणाकडे आणि किती दिवसांत, ते बदलतं.

माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी घरात असेल तर आकारणीशी भांडण्याआधी २०२० पासूनच्या राज्याच्या मालमत्ता करमाफी योजनेत आपण बसतो का ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या.

निर्णय तुमच्या बाजूने लागला की लगेच नवा आकारणी उतारा काढा. आदेश फायलीत लागतो आणि संगणकात जुनाच आकडा राहतो, असंही घडू शकतं. पुढचं बिल आल्यावर वापर, क्षेत्रफळ आणि करयोग्य मूल्य हे तीन रकाने नव्या उताऱ्याशी ताडून बघा, जादा भरलेली रक्कम वळती झाली का तेही बघा. नसेल झाली तर आदेशाची प्रत लावून पुन्हा एक अर्ज, पुन्हा पोच. आमच्या त्या पत्र्याच्या पेटीत आता वडिलांच्या वीजजोडाच्या कागदावर आदेश, नवा उतारा आणि टेपने काढलेला आराखडा, असं सगळं एकाच दोऱ्याने बांधून ठेवलंय. दोरा मात्र मागावरचाच आहे.